मुलगी एआय-रोबोटिक्स घेतो म्हणूलालीय, जाणकारांनी सांगा की

भट्टीवाला | १८ जून २०२३, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डिंगला, म्हणजे साचे करायला आहे, बावीस वर्षं झाली. घर येळ्ळूरला. थोरलीचं यंदा दुसरं पीयूसी (म्हणजे बारावी) झालं, सायन्स. मार्क बरे आहेत. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा रँक फार वर नाही, अगदी खाली पण नाही. दहावीपर्यंत गावातल्याच मराठी शाळेत होती. पीयूसीचं पहिलं वर्ष इंग्रजीत रडतरडत काढलं, मग रुळली.

आता म्हणूलालीय, एआय आणि रोबोटिक्स शिकतो. मी म्हटलं, कॉम्प्युटर सायन्स घे, नाहीतर मेकॅनिकल घे, हे मधलंच काय? तिनं अर्धा तास समजावलं. माझ्या डोक्यात गेलं तेवढं गेलं.

तिथं चार वर्षं नक्की शिकवतात काय? मराठी माध्यमाच्या पोरीला झेपतं काय? आणि बेळगावातच घ्यावं, की हुबळी, कोल्हापूर, पुणे बघावं? एकाच पगारावर घर चालतंय, हे धरून सांगा.

---

लेथवाला | १८ जून, रात्री १०:१५

दादा, मी पण उद्यमबागेतलाच. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आलं तेव्हा आमच्या शेडमधली सात माणसं दोनावर आली. रोबोट आला की ते दोघं पण घरी. आपल्याच पोरांनी शिकून आपल्यालाच घरी बसवायचं, हे काय मला पटत नाही बघा. कॉम्प्युटर सायन्स घ्या सरळ, बेंगळुरूला नोकरी लागते.

---

सातवं_सेम | १८ जून, रात्री ११:५०

काका, मी इथल्याच एका कॉलेजात एआय-एमएल (एमएल म्हणजे मशीन लर्निंग, उदाहरणं दाखवून यंत्राला शिकवणं) करतोय, नावाप्रमाणे सातवं सेमिस्टर येतंय. आतली गोष्ट सांगतो.

आधी नावाचा घोळ. एआय अँड एमएल, एआय अँड डेटा सायन्स, रोबोटिक्स अँड ऑटोमेशन, रोबोटिक्स अँड एआय अशा पाट्या गेल्या तीन-चार वर्षांत जिकडेतिकडे लागल्यात. पहिल्या दोन शाखा म्हणजे मुळात कॉम्प्युटर सायन्सच, शेवटच्या दोन वर्षांत विषय बदलतात. नावात रोबोटिक्स असेल तिथं मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स निम्मं असतं. म्हणजे तुमच्या मुलीनं आधी स्वतःला विचारायचं की हातात वस्तू हवी का नुसती स्क्रीन चालेल. हुबळीला केएलई टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत ऑटोमेशन अँड रोबोटिक्स अशी वेगळीच शाखा आहे, ती दुसऱ्या प्रकारातली.

पहिलं वर्ष सगळ्यांना जवळपास सारखंच. गणित, फिजिक्स नाहीतर केमिस्ट्री, सी प्रोग्रॅमिंग आणि कन्नडचा एक छोटा पेपर. ज्यांना कन्नड येत नाही त्यांना 'बळके कन्नड' असतं, ते आपल्याकडच्या पोरांना बाजारात फिरून आधीच येतं. पुढं पायथन, डेटा स्ट्रक्चर, लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी, मग मशीन लर्निंग, न्यूरल नेटवर्क (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेलं गणित).

आता खरी अडचण. आमच्याकडे एक रोबोट आर्म आहे. काचेच्या कपाटात. तीन वर्षांत तो दोनदा हलताना बघितला, दोन्ही वेळा तपासणीची कमिटी आलेली. आमची बॅच रोबोटिक्स शिकली ती पीडीएफवर. म्हणून एक सांगतो. प्रवेशाआधी कॉलेजात जा, लॅब दाखवा म्हणा आणि शिपायाला विचारा, संध्याकाळी पाचनंतर हे दार उघडं असतं का. प्रिन्सिपलला विचारू नका, शिपायालाच विचारा.

---

शहापूरकर | १९ जून, सकाळी ७:०५

आधी सगळ्यांनी कॉलेजच्या पाटीवर गावाचं नाव काय लिहिलंय ते बघा. मराठी पोरांनी कर्नाटकात का शिकावं, हाच मुळात प्रश्न आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून

---

व्यवस्थापक | १९ जून, सकाळी ७:३०

सीमाप्रश्नाचे तीन धागे आधीच चालू आहेत. वरचा प्रतिसाद अर्धा तिकडे हलवला आहे. इथं प्रवेशाचंच बोला.

---

अर्ज_काका | १९ जून, सकाळी ९:२०

शहापूरकरांच्या बोलण्यात प्रवेशाचीही एक गोष्ट आहे, ती मी सांगतो. गेली काही वर्षं गावातल्या पोरांचे फॉर्म भरून देतोय.

महाराष्ट्राच्या प्रवेशात टाइप ई म्हणून एक प्रकार आहे. वादग्रस्त सीमाभागातला उमेदवार आणि मातृभाषा मराठी, असं दोन्ही असेल तर. गाव ८६५ गावांच्या यादीत असल्याचा दाखला लागतो आणि मराठी मातृभाषेचाही. खरं त्याला महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी, द्यावी लागते. मुलीनं दिली असेल तर कोल्हापूर, सांगली, पुण्याची दारं उघडी आहेत. दिली नसेल तर यंदापुरतं विसरा. दर वर्षी पाच-सहा पालक जूनमध्ये येतात आणि हे ऐकून डोक्याला हात लावतात. परीक्षेचा फॉर्म कधीच संपलेला असतो.

गंमत बघा, कर्नाटकानं पण तसंच केलंय. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज इथल्या कन्नड पोरांना गडीनाडू कन्नडिग (सीमेपलीकडचे कन्नड) म्हणून इकडं अर्ज करता येतो. दोन्ही सरकारं एकमेकांच्या पोरांना बोलावतात, आपल्याच पोरांची वाट लागते ती दाखल्याच्या रांगेत.

इकडच्या केईएच्या (कर्नाटकची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) प्रवेशात तुमच्या कामाच्या तीन गोष्टी. पहिली ते दहावी सगळी दहा वर्षं ग्रामीण शाळेत झाली असतील तर १५ टक्क्यांचा ग्रामीण कोटा आहे. त्याचा दाखला बीईओ (तालुक्याच्या शिक्षणाधिकारी) ऑफिसची सही घेऊन आत्ताच काढा. दुसरं, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर एसएनक्यू (जादा कोट्यातली) सीट बघा, ट्यूशन फी माफ होते. तिसरं, एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती. मुलींसाठीच आहे, वर्षाला ५०,००० रुपये, घरातल्या दोन मुलींपर्यंत. बापांना ठाऊकच नसते.

---

मास्तर_निवृत्त | १९ जून, दुपारी ३:१०

भट्टीवाले, मी पस्तीस वर्षं पीयूसीला गणित शिकवलं. झेपतं का, याचं उत्तर माध्यमात नाही. मराठी माध्यमाच्या पोरांना पहिले सहा महिने 'लेट' (धरा) आणि 'सच दॅट' (असं की) या शब्दांची भीती वाटते. त्या शब्दांत काही नसतं, एकदा कळलं की संपलं. खरी भीती असते ती सूत्र पाठ करून आलेल्यांना, आणि ती पोरं सगळ्या माध्यमांतून येतात.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देतो. शंभर कास्टिंगमध्ये (ओतलेल्या पीसमध्ये) दोन खराब निघतात असं धरा. मी एक यंत्र केलं, ते डोळे मिटून प्रत्येक पीसला 'चांगला' म्हणतं. त्याची अचूकता किती? ९८ टक्के! आणि उपयोग? शून्य, कारण खराब एकही पकडला नाही. हे ज्याला आपलं आपण सुचतं त्याला मशीन लर्निंग जमेल. मुलीला आज जेवताना विचारून बघा, आणि काय म्हणाली ते इथं लिहा.

गणितात मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह आणि प्रोबॅबिलिटी एवढे तीन पक्के हवेत. पीयूसीच्या पुस्तकात तिन्ही आहेत. बहुतेक पोरं प्रोबॅबिलिटी ऑप्शनला टाकतात. इथं तीच नडते.

---

खानापूरची_लेक | १९ जून, रात्री १०:४५

दादा, मी खानापूर तालुक्यातली, मराठी शाळेतलीच. आता पुण्यात रोबोट बसवण्याचं काम करते, नऊ वर्षं झाली. मेकॅनिकल केलं होतं, बाकीचं नोकरीत शिकले.

लेथवाले दादांना आधी. जगातला पहिला औद्योगिक रोबोट युनिमेट, १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. त्याला काम काय दिलं? डाय कास्टिंगमधून, म्हणजे धातूच्या साच्यातल्या ओतकामातून, निघालेले तापलेले धातूचे तुकडे उचलून ठेवायचं. म्हणजे भट्टीवाले दादांच्याच शेजारचं काम. ज्या जागी माणसाचा हात भाजतो तिथं तो आधी लागला. माणसं कमी होतात हे खरं आहे, मी खोटं बोलणार नाही. पण मी जिथं जिथं रोबोट बसवला तिथं त्याला शिकवायला जुना माणूसच लागला, कारण पीस कुठं धरला की वाकडा होतो हे त्यालाच ठाऊक. त्या माणसाचा पगार वाढतो का, हे मात्र मालकावर. बहुतेक ठिकाणी वाढत नाही.

आता शिकवतात काय. रोबोटला तीन गोष्टी याव्या लागतात. आपण कुठं आहोत ते कळणं, कुठून जायचं ते ठरवणं आणि ठरवलं तसं हलणं.

हलण्याचं गणित सगळ्यात जुनं. डेनाविट आणि हार्टेनबर्ग यांनी १९५५ मध्ये दाखवलं की हाताचा प्रत्येक सांधा चार आकड्यांत मांडता येतो. सहा सांध्यांचा हात म्हणजे चोवीस आकडे. सांधे किती वळले ते दिलं की पंजा कुठं आहे हे सरळ निघतं. उलटं अवघड. पंजा इथं हवा, तर सांधे किती वळवू? त्याला कधी दोन उत्तरं येतात, कधी आठ, कधी एकही नाही. तव्यावरची भाकरी कोपर वर ठेवून पण उचलता येते, खाली ठेवून पण. रोबोटला कुठलं तरी एक निवडायला लागतं, आणि चुकीचं निवडलं तर तो शेजारच्या खांबावर आदळतो. आदळलाय. मी बघितलंय.

मग कंट्रोल. उसाची सरी पाडताना ट्रॅक्टरवाला काय करतो? रेषेपासून किती सरकलोय ते बघून चाक वळवतो. किती वेगानं सरकतोय ते बघून आधीच आवरतो. आणि रान एका अंगाला कलतं असेल तर सवयीनं थोडं उलट्या बाजूला धरूनच चालवतो. या तीन गोष्टी एका सूत्रात घातल्या की पीआयडी झालं. दुनियेतले ढीगभर कारखाने त्यावर चालतात. इंजिनिअर ते पुस्तकात शिकतो, आमचे आबा ते रानात शिकले. आबांचं नीट चालायचं.

कुठं आहोत ते कळायला कालमन फिल्टर, म्हणजे कमीजास्त येणाऱ्या मापांतून खरी जागा काढायचं गणित, १९६० चं, चंद्रावरच्या अपोलो यानांनी पण तेच वापरलं. आणि डोळ्यांनी बघून ओळखणं, तिथं एआय येतं. २०१२ नंतर न्यूरल नेटवर्कनं चित्र ओळखण्यात मोठी उडी मारली, तेव्हापासून हा सगळा गलका आहे.

कॉलेजात लॅब नसली तरी घरी बसून होण्यासारखं बरंच आहे. लॅपटॉपवर लिनक्स (फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायचं, रॉस (रोबोट चालवायचं सॉफ्टवेअर) आणि गझीबो (स्क्रीनवर रोबोट दाखवणारं) फुकट उतरवायचं. लॅपटॉपवर खोटा रोबोट चालतो, खऱ्यासारखाच पडतो, फक्त बिल येत नाही. एक सावधगिरी, रॉसच्या जुन्या नोएटिक आवृत्तीची मुदत मे २०२५ पर्यंतच. शिकायचं तर रॉस टूच. एआयच्या भारी मॉडेलला गूगल कोलॅब (गूगलचा ऑनलाइन कॉम्प्युटर) आहे. एनपीटीईएलची (आयआयटीवाल्यांची ऑनलाइन) लेक्चर फुकट. आयआयटी मुंबईची ई-यंत्र रोबोटिक्स स्पर्धा दर वर्षी असते, तिथं चौघांची टीम करून उतरायचं. माझ्या हाताखाली घेताना मी मार्कांच्या आधी तेच विचारते.

---

सातवं_सेम | १९ जून, रात्री ११:२०

ताई, भाकरीचं उदाहरण आमच्या सरांना पाठवतोय.

त्यांनी त्या उलट्या गणिताला, म्हणजे इन्व्हर्स कायनेमॅटिक्सला, पन्नास स्लाइड घेतल्या होत्या.

---

लेथवाला | २० जून, सकाळी ६:५५

ताई, 'पगार वाढत नाही' हे कबूल केलंत म्हणून पुढं बोलतो. माझा पोरगा दहावीला आहे. इंजिनिअरिंगएवढा पैसा नाही. त्याला यात वाट आहे का?

---

खानापूरची_लेक | २० जून, दुपारी १:३०

आहे की. आपल्याच उद्यमबागेतलं जीटीटीसी बघा, सरकारी टूल रूमचं ट्रेनिंग सेंटर. डिप्लोमा करायचा, हात तयार होतो, मग हवं तर लॅटरल एन्ट्रीनं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रोबोट जिथं बंद पडतो तिथं धावणारी पोरं आम्हाला मिळत नाहीत. पदवीवाले ढीगभर मिळतात.

---

भट्टीवाला | २५ जून, रात्री १०:००

मास्तर, जेवताना विचारलं. ती ताटातून वर पण न बघता म्हणाली, "मग खराब किती पकडले ते वेगळं मोजायचं की." मग मलाच म्हणाली, "हे आप्पा तुम्हाला कोणी सांगितलं?"

एमएचटी-सीईटी दिलेली नाही. अर्ज काका, आम्ही पण त्या डोक्याला हात लावणाऱ्यांतलेच. ग्रामीण दाखला काढायला टाकलाय.

चार कॉलेजं बघून आलो. शिपायालाच विचारलं. एका ठिकाणी रोबोट चकाचक होता. मी खाली वाकून बघितलं, प्लगवरचं प्लॅस्टिक अजून तसंच. म्हणजे आणल्यापासून पिनच लागलेली नाही. तिला डोळ्यानं खुणावलं, चल. दुसऱ्या एका ठिकाणी लॅब जुनाट, मशीनवर ऑइलचे डाग, भिंतीवर पोरांनी खरडलेलं, आणि शिपाई वैतागून म्हणाला, "साहेब, आठ वाजले तरी जात नाहीत ही पोरं, मला बस चुकते."

तिथंच टाकूलालोय. एआय-एमएल शाखा आहे, रोबोटिक्सचा क्लब आहे. हुबळीचं बघून ती हरखली होती, खरं हॉस्टेलचा हिशेब बसला नाही. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. आता बोलतीय.

---

मास्तर_निवृत्त | २६ जून, सकाळी ८:००

ताटातून वर न बघता! जाऊ द्या तिला.

---

भट्टीवाल्यांची_लेक | ९ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. आप्पांचा आयडी वेगळा, हा माझा. चौथ्या सेमला आलोय. सगळ्यांचे आभार नंतर मानतो, आधी अडलंय ते सांगतो.

प्रोजेक्टसाठी आप्पांच्या फौंड्रीतल्या कास्टिंगचे फोटो काढले. मालकांनी परवानगी दिली. २४० फोटो, निम्मे चांगले, निम्मे ब्लोहोलवाले (आत हवा अडकून छिद्र पडलेले). मास्तरांचं ऐकून निम्मेनिम्मेच घेतले आणि खराब किती पकडले ते वेगळं मोजलं. रेझनेट (चित्रं ओळखणारं न्यूरल नेटवर्क) घेतलं, २०१५ चं, आधीच लाखो चित्रांवर शिकलेलं असतं, त्याचा शेवटचा थर तेवढा आपल्या फोटोंवर शिकवला. बाजूला ठेवलेल्या फोटोंवर खराब पीस ९६ टक्के पकडले. सर खूश.

मग गेल्या शनिवारी फौंड्रीत मोबाइल घेऊन गेलो आणि नवीन पीस दाखवले. जो दाखवावा त्याला खराबच म्हणूलालंय. धडधडीत चांगल्याला पण. दोन रात्री कोड तपासला. चूक सापडत नाही.

---

खानापूरची_लेक | ९ फेब्रुवारी, रात्री १०:३०

कोडात नसेलच. ग्रॅड-कॅम लाव. मॉडेल फोटोत कुठं बघून ठरवतंय ते लाल रंगात दिसेल. छिद्रावर लाल आलं तर ठीक. दुसरीकडंच आलं तर ते वेगळंच काहीतरी शिकलंय.

---

भट्टीवाल्यांची_लेक | १० फेब्रुवारी, रात्री ८:४०

ताई, लावलं. छिद्रावर काहीच नाही! सगळं लाल पीसच्या कडेला, मधल्या जोडाच्या रेषेवर. चांगल्यात पण तिथंच, खराबात पण तिथंच. तिथं तर काही दोष नसतो. का बघत असेल तिथं?

---

भट्टीवाला | १० फेब्रुवारी, रात्री ९:२५

शेजारच्या खोलीत बसून इथं लिहूलालीय, मला विचारायला काय झालं?

ती पार्टिंग लाइन. मोल्डचे दोन भाग जुळतात तिथं लोखंड थोडं बाहेर येतं, त्याला फ्लॅश म्हणतात. फेटलिंगला (पीस साफ करताना) ग्राइंडर मारून काढतात, म्हणून कड चकचकीत होते. खरं फेटलिंगपर्यंत चांगलेच पीस जातात. छिद्रवाला दिसला की आम्ही तिथूनच परत भट्टीच्या ढिगात टाकतो, त्याच्यावर ग्राइंडर कोण फुकट फिरवील? तू चांगल्यांचे फोटो डिस्पॅचच्या टेबलावर काढलेस, खराबांचे ढिगाजवळ. तुझ्या मशीनला एवढंच कळलंय, कड चकचकीत तो चांगला. शनिवारी तू शेकआउटजवळ (साचा फोडून पीस काढतात तिथं) उभी होतीस, तिथं कुठल्याच पीसची कड घासलेली नसते.

---

मास्तर_निवृत्त | १० फेब्रुवारी, रात्री ९:४०

भट्टीवाले, तुम्ही कुठल्या सेमला आहात?

---

सातवं_सेम | १० फेब्रुवारी, रात्री ११:०५

मी आता बेंगळुरूला नोकरीत आहे, आयडी बदलायचा राहिलाय. आमच्या टीमनं याच प्रकारच्या चुकीत दीड महिना घालवला. आमच्याकडे शेजारच्या खोलीत कोणी नव्हतं.

---

भट्टीवाला | ११ फेब्रुवारी, सकाळी ५:५०

पहिल्या पाळीचं लोखंड आज सातला ओतणार. साडेदहापर्यंत ये, शेकआउट आणि शॉट ब्लास्ट (छर्रे मारून साफ) झालेले, ग्राइंडर न लागलेले पीस एकाच जागी मांडून ठेवतो. चांगले-वाईट सगळे. चांगल्यांवर खडूनं खूण करतो म्हणजे तुझा गोंधळ नको.

---

खानापूरची_लेक | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

दादा, खडू नको! फोटोत आला तर मॉडेल आता खडूच शिकेल.

---

भट्टीवाला | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:१२

पालथ्या बाजूला करतो की.